सहावं पाणी

साल एकोणीसशे एकाहत्तर. मला ते पक्कं आठवतं, कारण त्या वर्षी जानेवारीत मी पहिल्यांदा डार्करूममध्ये पाऊल टाकलं आणि मे महिना उजाडेपर्यंत मला तिथून बाहेर काढायची भाषा सुरू झाली होती. निमित्त होतं रबराच्या झाडाच्या पिवळ्या पानांचं.

आमचा फोटो स्टुडिओ होता. खाली दुकान, वर घर. रस्त्याच्या बाजूला काउंटर आणि नमुन्याच्या फोटोंचं काचेचं कपाट. त्यामागे फोटो काढायची मोठी खोली, तिला उत्तरेकडून थेट छतापर्यंत काचेची तावदानं. आणि त्याच्याही मागे, जिन्याखाली, डार्करूम. ती इतकी अरुंद की आत दोघं असले तर एकाने श्वास घ्यायचा आणि दुसऱ्याने सोडायचा, असं आमचे हे म्हणायचे. हे बाहेरची कामं करत, शाळांचे आणि कारखान्यांचे ग्रुप फोटो. त्यामुळे त्यांना तो श्वास फारसा घ्यावा लागत नसे.

मोठ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या खुर्चीशेजारी रबराचं झाड उभं होतं. माणसाच्या डोक्यावर हातभर उंच, पानं तळहाताच्या दुप्पट, जाड, गडद. सासूबाईंनी ते एका फांदीपासून वाढवलं होतं. त्यांना मुलगा एकच, पण कुणी विचारलं तर दोन सांगायच्या, एक पायांचा आणि एक कुंडीतला. गावातली कितीतरी कुटुंबं दरवर्षी येऊन त्याच झाडाशेजारी उभी राहायची. मागच्या वर्षी पोर कितव्या पानापर्यंत होतं आणि यंदा कितव्या, हे घरी गेल्यावर दोन फोटो शेजारी ठेवून मोजायची.

फोटो मामंजी काढत. मामंजी म्हणजे माझे सासरे. काउंटरवर त्यांची थोरली बहीण बसे, तिला आम्ही आत्याबाई म्हणायचो. नावनोंदणीची वही त्यांच्या ताब्यात आणि गावातल्या बातम्याही त्यांच्याच ताब्यात. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं, पण धार होती.

डार्करूममध्ये आधी एक म्हातारे गृहस्थ काम करत. त्या वर्षी ते मुलीकडे राहायला गेले. मामंजी नवा माणूस शोधायला लागले तेव्हा मी म्हटलं, मला शिकवा. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मी चोवीस वर्षांची होते आणि वरच्या मजल्यावर दिवसभर आवरलेलं पुन्हा आवरून कंटाळले होते.

"अंधारात हिला काय दिसणार?" आत्याबाई म्हणाल्या. "उजेडात चष्मा कपाळावर असतो आणि घरभर शोधते."

मामंजींनी माझे हात पाहिले, तळवे, मग बोटं. "नखं काप," म्हणाले. "सहा महिने बघू."

मामंजींनी शिकवलं ते असं की आजही झोपेतून उठवलं तर सांगेन. फोटोचा कागद एका औषधात उमटतो, दुसऱ्यात थांबतो आणि तिसऱ्यात पक्का होतो. ते तिसरं म्हणजे हायपो. खड्यांचं मीठच ते, आमच्याकडे पोत्याने यायचं. काम झालं की ते कागदातून शेवटच्या कणापर्यंत धुऊन काढायचं. राहिलं तर आज काही दिसत नाही, पण चार-पाच वर्षांनी फोटो पिवळा पडायला लागतो. म्हणून सहा पाणी. मोठ्या एनॅमलच्या ट्रेमध्ये दहा-दहा मिनिटांनी सहा वेळा पाणी बदलायचं. आणि एकदा धुणं सुरू झालं की त्या ट्रेमध्ये मधेच नवा फोटो टाकायचा नाही.

"धुतलेल्या कपड्यांच्या बादलीत कुणाचा मळका सदरा टाकतेस का?" त्यांनी विचारलं होतं. "नाही ना? मग हेही तसंच."

शंका आली तर तपासायची युक्तीही दाखवली. पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी एका बाटलीत फळीवर असायचं. धुण्याच्या पाण्यात त्याचे दोन थेंब टाकायचे. जांभळा रंग टिकला तर पाणी स्वच्छ. रंग मावळला तर हायपो आहे. पहिला महिनाभर मी रोज तपासत होते. रोज रंग टिकायचा. मग मी तपासणं सोडलं. हात बसला होता आणि मला ते कळत होतं.

माझं माहेर डोंगरउतारावर, पाणी लांबून आणायचं घर. स्वच्छ पाणी मोरीत ओतणं माझ्या जिवावर यायचं. सहावं पाणी म्हणजे जवळजवळ पिण्याचंच. म्हणून मी जेवून खाली आले, फोटो उचलले की त्यातलं तांब्याभर रबराच्या झाडाला घालायची. सासूबाईंना सांगितलं तर त्या खूश झाल्या. "बरं झालं, माझी कंबर वाचली," म्हणाल्या आणि त्यांनी पाणी घालणं माझ्यावर सोडलं.

मार्चमध्ये बुडाकडचं पहिलं पान पिवळं पडलं. झाड म्हटलं की जुनं पान जाणारच, कुणी मनावर घेतलं नाही. मग दुसरं. मग एका आठवड्यात तीन. कडा आधी तपकिरी व्हायच्या, करपल्यासारख्या, मग पिवळेपणा आत सरकायचा आणि एके दिवशी पान खाली. सासूबाईंनी कुंडी दाराच्या झोतातून हलवून भिंतीशी नेली. मग भिंतीशी उजेड कमी म्हणून तावदानाशी आणली. मग ऊन जास्त म्हणून पडदा लावला. झाड बिचारं महिनाभर घरभर फिरत होतं. मी दर सोमवारी ओल्या फडक्याने पानं पुसत होते. फरक शून्य.

काळ्या-पांढऱ्या फोटोत पिवळं पान पांढुरकं दिसतं, फोटोला भोक पडल्यासारखं. मग मी बारीक ब्रश आणि शाई घेऊन प्रत्येक फोटोतली पानं काळी करत बसायची. एप्रिलमध्ये मी माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा पानंच जास्त रंगवली असतील.

एका संध्याकाळी चहाच्या वेळी आत्याबाईंनी तोंड उघडलं. "जानेवारीत ही खाली उतरली, मार्चमध्ये झाड पिवळं. मी काही बोलत नाही."

"आत्या, तू बोलत नाहीस तेव्हाच सगळ्या गल्लीला ऐकू जातं," हे म्हणाले.

सासूबाई कपात बघत राहिल्या. त्या मला कधी टोचून बोलल्या नव्हत्या, त्या वेळीही नाही. पण माझी बाजूही घेतली नाही. कुंडीतल्या मुलाचा प्रश्न होता.

मामंजींचं तसं नव्हतं. पायगुण वगैरे गोष्टींना ते हसायचे. त्यांना वेगळीच शंका होती आणि माझ्या दृष्टीने ती जास्त वाईट होती. त्यांनी कप खाली ठेवला.

"पानं तू पुसतेस ना?"

"हो."

"हात धुऊन?"

"हो, मामंजी."

"हायपोचा हात घाईत राहून जातो कधी कधी. आपल्याला कळतही नाही."

"माझा राहत नाही."

"कशावरून?"

धुतलेल्या हाताला पुरावा नसतो.

"झाडाचं मला वाटतं ते वाटतंच," ते सावकाश म्हणाले. "पण जो हात झाडाला भोवला तो कागदालाही भोवत असणार. मी रागावून सांगत नाही, सूनबाई. पुढच्या रविवारपर्यंत कारण कळलं तर ठीक. नाही कळलं तर मी बाहेरचा माणूस ठेवतो. तू वर बरी होतीस."

वर बरी होते, हे शेवटचं वाक्य मला लागलं. मी वर बरी नव्हते. हे घरात कुणाला माहीत नव्हतं, मलाही डार्करूममध्ये गेल्यावरच कळलं होतं. कोऱ्या कागदावर तांबड्या उजेडात एखाद्याची भुवई उमटताना एकदा पाहिल्यावर माणसाने पुन्हा दिवसभर भांडी चकचकीत करत बसायचं म्हणजे फार होतं. पण मी घाबरले नाही, हेही सांगते. मला माझे हात माहीत होते. कारण दुसरं काहीतरी होतं आणि ते सापडण्यासारखं होतं. आठ दिवस पुष्कळ झाले.

सोमवारी मी एक पिवळं पान वर्तमानपत्रात गुंडाळून दोन रस्ते पलीकडच्या रोपवाल्याकडे गेले. पान बघून तो दुकान बंद करून माझ्याबरोबरच आला. बोलणं कमी आणि ते झाडांशीच जास्त, असा माणूस. त्याने कुंडीभोवती एक फेरी मारली, पान कुरवाळलं आणि विचारलं, "याला काय काय देता?"

"पाणी," सासूबाई म्हणाल्या. "दुसरं काय देणार?"

"पाणी जास्त झालं तर पान मऊ पडून पिवळं होतं. हे कडेनं करपलंय." त्याने मातीवर बोट फिरवलं आणि आम्हाला दाखवलं. बोटाला पांढरी पूड लागली होती. मातीवर सगळीकडे तशीच पांढरट साय धरली होती. आम्ही ती रोज बघत होतो आणि चुना म्हणून सोडून देत होतो. "मिठाचं पाणी घालता का?"

"मी माझ्या पोराला मीठ पाजीन?" सासूबाईंचा आवाज चढला.

"तुम्ही पाजलं नसेल, आई," रोपवाला शांतपणे म्हणाला. "पण त्यानं प्यायलंय."

त्या घरात पोत्याने येणारं मीठ एकच होतं. आणि पाणी घालणारी मी होते.

मंगळवारी मी सहा पाणी नेहमीसारखी केली, घड्याळ लावून. सहाव्या पाण्यात दोन थेंब टाकले. रंग टिकला. पाच मिनिटं बघत बसले, टिकला तो टिकलाच. म्हणजे माझं धुणं चोख होतं. बरं वाटलं, पण मग मातीत मीठ आलं कुठून, हे गूढ होतं तिथेच राहिलं. फोटो नेहमीप्रमाणे सहाव्या पाण्यात ठेवून मी वर जेवायला गेले, खाली आले, तांब्या भरला आणि झाडाला घातला.

घालून झाल्यावर माझ्या डोक्यात आलं की मी पाणी तपासलं ते जेवायला जायच्या आधी. झाडाला घालते ते जेवून आल्यावर.

बुधवारी दोनदा तपासलं. वर जाताना पाणी एका बरणीत काढून थेंब टाकले, रंग टिकला. चाळीस मिनिटांनी येऊन तांब्या भरायच्या आधी दुसऱ्या बरणीत थेंब टाकले, तर जांभळा रंग पाण्यात उतरता उतरताच गेला. राहिलं ते फिकट, मळकट पिवळं. मी आणखी दोन थेंब टाकले. तेही गेले.

ट्रेमधले फोटो मोजले. ठेवले तेवढेच होते, बावीस. कुणी काही टाकलेलं नव्हतं. निदान आता तरी ट्रेमध्ये नव्हतं.

गुरुवारी मी वर गेले, ताट वाढून घेतलं आणि जिन्याच्या वळणावर येऊन बसले. सासूबाईंनी विचारलं तर म्हटलं, इथे वारा लागतो. खाली काउंटरशी कुणीतरी आलं. आत्याबाईंचा आवाज आला, "बसा, अर्ध्या तासात मिळतील." मग मोठ्या खोलीत दिवे लागले, विझले. मामंजी डार्करूममध्ये गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले ते तळहातावर पासपोर्टचे चार ओले फोटो घेऊन, आणि त्यांनी ते वाळवायच्या तापलेल्या पत्र्यावर चिकटवले.

या सगळ्या वेळात डार्करूमच्या नळाचा आवाज एकदाही आला नव्हता. तो नळ सोडला की सगळं घर खडखडायचं.

एका क्षणात सगळं जुळलं. जानेवारीच्या शेवटी पलीकडच्या चौकात नवा स्टुडिओ उघडला होता आणि त्याने पाटी लावली होती, पासपोर्ट फोटो एका तासात. मामंजींनी दुसऱ्याच दिवशी आपली पाटी लावली, अर्ध्या तासात. गिऱ्हाईक दुपारी यायचं, कचेऱ्यांच्या जेवणाच्या सुट्टीत. त्या वेळी एकुलता एक ट्रे माझ्या फोटोंनी भरलेला. सहा पाण्यांना तास लागतो, मामंजींकडे अर्धा तास. मग ते आपले चार फोटो हायपोतून काढून माझ्या सहाव्या पाण्यात पाच मिनिटं बुडवायचे आणि उचलून न्यायचे. मी खाली येईपर्यंत ट्रे आधीसारखा दिसायचा. रोज. तीन महिने.

मळका सदरा ज्यांनी मला शिकवला त्यांनीच तो बादलीत टाकला होता. आणि मला खात्री आहे, त्यांच्या ते ध्यानातसुद्धा नव्हतं. एकदा घाई म्हणून केलं असेल, दुसऱ्यांदा सवय म्हणून.

ताट तसंच राहिलं. मी यांना गाठलं. हे मागच्या अंगणात कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड पुसत होते. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं.

"बाबांना चूक दाखवायची? मी जन्मात दाखवली नाही."

"का?"

"सापडलीच नाही कधी." मग थोडा विचार करून म्हणाले, "असं करू. मी सांगतो, हायपोची बादली मी चुकून कुंडीत ओतली. दोन-तीनदा ओतली म्हणतो. मला चार शब्द बोलतील, आत्या आठ बोलेल, विषय संपेल. तू खालीच राहशील."

माणूस भला होता माझा. मला तेवढ्या वेळात मोहही झाला, खोटं कशाला बोलू? झाडाची माती बदलली असती, माझी जागा राहिली असती आणि मामंजींना कुणी काही म्हटलं नसतं.

"झाडाचं भागेल," मी म्हटलं. "फोटोंचं काय?"

"कुठल्या फोटोंचं?"

"सगळ्याच. जे पाणी झाड प्यायलं त्याच पाण्यात माझे फोटो पडून होते ना? झाडाला बिचाऱ्याला लगेच दाखवता आलं. कागद चार-पाच वर्षांनी दाखवतील. लोकांच्या घरच्या भिंतींवर."

यांनी स्टँड खाली ठेवला आणि म्हणाले, "मग बाबांनाच दाखव."

शुक्रवारी जेवणानंतर मी मामंजींना डार्करूममध्ये बोलावलं. आत्याबाईंसमोर बोलायचं नाही, हे मी ठरवलं होतं. पांढरा दिवा लावला. दोन बरण्या ओळीने ठेवल्या, त्यांच्यावर कागदाच्या चिठ्ठ्या, एकीवर 'जेवायच्या आधी', दुसरीवर 'जेवल्यावर'.

"मामंजी, या दोन्ही बरण्यांत सहावं पाणी आहे. जेवल्यावरचं मी झाडाला घालते. जरा तपासून द्याल?"

"तुला येतं की तपासता."

"येतं. पण हे तुम्हीच तपासलेलं बरं."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, बाटली घेतली, पहिल्या बरणीत दोन थेंब टाकले. पाणी छान जांभळं झालं. दुसऱ्या बरणीत टाकले. रंग गेला. त्यांनी बरणी उचलून दिव्यासमोर धरली, हलवली, पुन्हा थेंब टाकले, पुन्हा रंग गेला.

"मधल्या वेळात काय केलंस?"

"काही नाही. मी वर जेवत होते. आईंना विचारा."

"मग खाली कोण—"

एवढं बोलून ते थांबले. त्यांची नजर ट्रेवरून हायपोच्या भांड्यावर गेली आणि तिथून दाराबाहेर, जिथे दुपारचे चार पासपोर्ट पत्र्यावर वाळत होते. मी एक शब्द बोलले नाही. माझ्या आयुष्यात मी जी थोडी शहाणपणाची कामं केली त्यात ते गप्प राहणं मी धरते.

ते स्टुलावर बसले. "केव्हापासून?"

"पाटी लावल्यापासून असावं."

"आणि मी तुझे हात हुंगत बसलो."

"हुंगले नाहीत, मामंजी. नुसते विचारलेत."

"तेच ते." त्यांनी बरणीतलं पाणी मोरीत ओतलं, बरणी स्वतः विसळली आणि पालथी घातली. मग उठले आणि थेट काउंटरवर गेले. मी मागे मागे.

"ताई, वही काढ," ते आत्याबाईंना म्हणाले. "जानेवारीअखेरपासून आजपर्यंत ज्यांनी ज्यांनी आपल्याकडून फोटो नेले त्या सगळ्यांची नावं-पत्ते. प्रत्येकाला कार्ड लिही. फोटो नीट धुतले गेले नाहीत, घेऊन या, पुन्हा धुऊन देऊ, बिघडला असेल तर नवा करून देऊ."

आत्याबाईंनी चष्मा काढला. "वेड लागलं का तुला? लोक काय म्हणतील?"

"आज म्हणतील ते ऐकायला मी इथे उभा आहे. पाच वर्षांनी म्हणतील ते या मुलीला ऐकावं लागेल."

"पण धुतले नाहीत कुणी? हिनेच ना?"

"मी," मामंजी म्हणाले. "हिने धुतले होते. मी घाण केली. झाडही माझ्यामुळेच पिवळं पडलं. तसं लिही म्हणत नाही, पण तुला माहीत असू दे."

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. चार महिन्यांत त्यांनी मला जे जे ऐकवलं होतं ते सगळं त्या मनात परत वाचत असाव्यात. मग चष्मा लावून वही उघडली. "बाकी काही नाही," पुटपुटल्या, "पण एकशे त्र्याहत्तर घरं आहेत. माझी बोटं मोडतील." पुढे दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने चहा करून माझ्यासमोर आणून ठेवला. त्या घरात आत्याबाईंच्या हातचा चहा फक्त पाहुण्यांना मिळायचा.

मामंजींनी त्याच संध्याकाळी पाटी उतरवली. दुसऱ्या दिवशी नवी लावली, पासपोर्ट फोटो दुसऱ्या दिवशी मिळतील. आणि मला म्हणाले, "आजपासून ट्रे तुझा. मलासुद्धा काही बुडवायचं असलं तर तुला विचारून."

"मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही."

शनिवारी रोपवाला आला. आम्ही झाड कुंडीतून उपसलं. मुळं अंगणात नळाखाली धरून धुतली, काळी पडलेली, मऊ झालेली सासूबाईंनी स्वतः कात्रीने कापली. कापलं की पांढरा चीक यायचा, त्यावर कोळशाची पूड दाबायची. जुनी माती फेकून दिली, कुंडी घासली, नवी माती भरली. "पिवळं पान पुन्हा हिरवं होत नाही," रोपवाला म्हणाला, "ते जाऊ द्या. वरचा कोंब बघत राहा." झाडाला बारा पानं उरली होती. सासूबाई त्या दिवशी त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या, आजारी माणसाजवळ बसावं तशा.

रविवारी दरवर्षी येणारं एक कुटुंब फोटोला आलं. आजोबांनी आल्या आल्या विचारलं, "झाड कुठंय?"

"आजारी आहे," मामंजी म्हणाले. "तुम्ही आहात तेवढे पुरे."

मग आजोबांच्या हातात कार्ड होतं ते त्यांनी पुढे केलं आणि पिशवीतून मार्चमध्ये नेलेला नातीचा फोटोही काढला. मामंजींनी तो घेतला आणि माझ्या हातात दिला. त्यांच्यासमोर म्हणाले, "धुण्याचं काम आमची सून बघते. तिच्या हातचं धुणं पक्कं."

पुढचे दोन महिने मी नवं थोडं आणि जुनंच जास्त धुतलं. एकशे त्र्याहत्तर घरांपैकी एकशे एकतीस घरचे लोक आले. काही कुरकुरले, एक बाई हसून म्हणाल्या, कपडे धुवायला मागणारा धोबी पाहिला होता, फोटो परत मागणारा पहिलाच. पण गंमत अशी की त्यानंतर आमच्याकडची गर्दी वाढली. चौकातला नवा स्टुडिओ तीन वर्षांत बंद पडला. त्याला आम्ही काही केलं नाही, त्याचं त्यानेच घाई करून ओढवून घेतलं.

मामंजी आणखी चौदा वर्षं जगले. शेवटपर्यंत फोटो काढले आणि ट्रेला हात लावायच्या आधी दरवेळी दारातून विचारलं. एकदा मी गंमत म्हणून नाही म्हटलं तर खरंच परत गेले. मलाच मागे धावावं लागलं.

आत्याबाई त्यांच्या आधी गेल्या. शेवटी त्यांना दिसत नव्हतं, तरी काउंटरवर बसायच्या आणि पावलांवरून माणूस ओळखायच्या. आलेल्या प्रत्येकाला सांगायच्या की आमच्या सुनेसारखा डार्करूममध्ये हात कुणाचा नाही. मला तोंडावर कधी म्हणाल्या नाहीत.

सासूबाईंचं झाड जगलं. जुलैत वरचा तांबूस कोंब उघडला आणि पान आलं. फोटोत ते परत उभं राहिलं ते मात्र दोन वर्षांनी. सासूबाई गेल्यावर यांनी ते मागच्या अंगणात जमिनीत लावलं. आता त्याची मुळं भिंतीला त्रास देतात आणि शेजारी तक्रार करतात.

रोपवाल्याच्या मुलीने त्याचं दुकान पुढे चालवलं. ती बापासारखीच झाडांशी जास्त बोलते.

हे बाहेरची कामं साठीपर्यंत करत राहिले. मग गुडघे गेले. गेल्या सहा वर्षांपासून ते नाहीत. शेवटपर्यंत म्हणायचे की त्या दिवशी मी खोटं बोलायला तयार झालो होतो, त्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही. ते आज देते.

मी डार्करूममध्ये सत्तावीस वर्षं काम केलं. रंगीत फोटो आले, यंत्रं आली, शेवटी ट्रे कुणाला लागेना. आता दुकानाच्या जागी औषधांचं दुकान आहे आणि मी वर राहते. अजून कधीतरी कुणीतरी आईवडिलांचा जुना फोटो घेऊन जिना चढून येतं आणि विचारतं, हा तुमच्याकडचा का? मी मागची बाजू बघते, शिक्का असतो. मग पुढची बाजू उजेडात धरते. जे परत आले नाहीत त्या बेचाळीस घरांचं मी सांगू शकत नाही. बाकी जे मी पाहिले त्यांतला पांढरा रंग पांढराच आहे.